मामाला सांगू नका

कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मदच्या आमच्या सलूनमध्ये मी मराठी असल्याचं पाच वर्षं लपवून ठेवलं होतं. काही गुन्हा करून पळालो नव्हतो. टीप बुडते, एवढंच कारण.

माझं नाव अबूबकर. दाढी बारीक, हिंदी चांगली. त्यामुळे गिऱ्हाईक मला लखनौचा नाहीतर कराचीचा धरून चालायचं आणि मी त्याला चालू द्यायचो. खुर्चीत मराठी माणूस बसला की मी मुद्दाम जास्तच लखनवी व्हायचो. "कैसे बनाऊँ जनाब?" वगैरे. म्हसळ्याला माझ्या आईने हे ऐकलं असतं तर पायातली काढली असती.

टीपेच्या बाबतीत मराठी माणूस उगाच बदनाम आहे. अनोळखी माणसाला तो व्यवस्थित टीप देतो. मागून धरलेल्या आरशात मान बघतो, "बढिया" म्हणतो, तीन खिसे चाचपतो आणि पाच रियालची नोट चोरीचा माल असल्यासारखी माझ्या मुठीत कोंबून पळतो. पण समोरचा आपला निघाला की त्याचा हात खिशापर्यंत जातच नाही. आपल्या माणसाला टीप द्यायची म्हणजे त्याला परकं करायचं, त्याचा अपमान करायचा. आणि मराठी माणूस आपल्या माणसाचे पाय हौसेने ओढेल, पण असा अपमान कधी करणार नाही.

हे मी पहिल्याच वर्षी शिकलो. राजाभाऊ म्हणून सोलापूरचे एक सुपरवायझर दर पंधरवड्याला यायचे आणि न चुकता पाच रियाल ठेवायचे. एकदा वस्तरा त्यांच्या कानामागे असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा डावीकडे करा मान." राजाभाऊ गळ्यावरच्या फेसासकट उठले आणि त्यांनी मला मिठीच मारली. पुढे वर्षभरात त्यांनी मला दिवाळीचा चिवडा दिला, लिंबाचं लोणचं दिलं, गुडघ्याला चोळायचं तेल दिलं, माझ्या भावाने काय शिकावं याबद्दल दर खेपेला सल्ला दिला. टीप मात्र बंद. एकदा मी त्यांच्यासमोर जरा रेंगाळलो, तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय रे, काही सांगायचंय का? सांग की. आपल्यात कसला संकोच!"

त्या दिवसापासून मी मराठी बोलणं बंद केलं.

आता त्या शुक्रवारचं सांगतो. दोन हजार बावीसचा मे महिना होता, वर्ल्ड कपला सहा महिने राहिले होते. जिकडे तिकडे रस्ते उकरलेले, कालचा रस्ता आज सापडायचा नाही. आमच्या मालकाची अशी समजूत होती की फुटबॉल बघायला जगभरातून लोक येणार आणि विमानातून उतरताच सगळ्यांचे केस एकदम वाढणार. त्याने फर्मान काढलं, ज्याला गावी जायचंय त्याने आत्ता जाऊन यावं. जून लागला की डिसेंबर संपेपर्यंत सुट्टी खलास. कंपनीचं तिकीट मला पुढच्या जानेवारीशिवाय मिळणार नव्हतं. म्हणजे जायचं तर स्वतःच्या पैशाने, आणि पगार तर महिन्याच्या महिन्याला गावी जातो. माझ्या हातात राहते ती फक्त टीप.

आणि मला जायचंच होतं. माझी मुलगी माहिरा आठ महिन्यांची झाली होती आणि मी तिला अजून हातात घेतलं नव्हतं. आमच्यात मूल झालं की अकिका करतात, तेव्हा बाळाचे जन्माचे केस काढतात. मी मोठ्या तोऱ्यात बायकोला, रुकैयाला, फोनवर सांगून बसलो होतो की न्हाव्याच्या पोरीच्या डोक्याला दुसऱ्या न्हाव्याचा हात लागायचा नाही, केस मी येऊन काढीन. आठ महिने झाले तरी मी येतोच आहे. शेवटी गुरुवारी रुकैया म्हणाली, "पोरीचं केस डोल्यात जातान. तू येतोस का मी कातर घेऊ?"

टीपेचे सगळे पैसे मी सलूनशेजारच्या तिकीटवाल्याकडे, नसरुद्दीनकडे भरले होते. फक्त दोनशे रियाल कमी पडत होते. नसरुद्दीन रत्नागिरीचा, माणूस चांगला, पण तिकीट काही त्याच्या घरचं नव्हतं. "शुक्रवारी पाचपर्यंत थांबवतो सीट," तो म्हणाला होता. "पाचनंतर भाव बदलेल. मग माझ्या नावाने खडे फोडू नकोस."

अशात शुक्रवारी सकाळी एका साहेबांचा सलूनमध्ये फोन आला. घरी येऊन बाळाचे पहिले केस काढायचे होते. घरच्या कामाचे पैसे मालक आधीच घेतो, पण वरची टीप माझी, आणि बाळाच्या पहिल्या केसांना लोक हात आखडत नाहीत हे मला ठाऊक होतं. वस्तरा, नवी पाती, बारीक कात्री, सगळं उकळून घेतलं आणि जुम्म्याची नमाज झाल्यावर निघालो. मनात म्हटलं, आज मी लखनौचा. काही झालं तरी लखनौचा.

दार साहेबांनी उघडलं आणि आतून बाईंचा आवाज आला, "अहो, त्याला चपला बाहेर काढायला सांगा." मी वाकलोच होतो चपला काढायला, पण हिंदीतून सांगेपर्यंत तसाच थांबलो.

साहेबांचं नाव मधु, नाशिकचे, स्टेडियमच्या एसीचं काम बघणारे. बायको उल्का. व्हिजिटवर आलेली साहेबांची आई, म्हणजे आजी. आणि ज्याच्यासाठी हा सगळा घाट, तो अकरा महिन्यांचा अनय. अनयचे केस थेट कानांवर आलेले होते. वर्षाच्या आत जावळ झालं नाही तर तिसऱ्या वर्षापर्यंत थांबावं लागेल, असं आजीचं म्हणणं होतं, आणि त्या दिवशीचा मुहूर्त चारपर्यंतच होता. घड्याळात तीन वाजून गेले होते.

अडचण मामाची होती. जावळ काढताना बाळ मामाच्या मांडीवर हवं. उल्काचा भाऊ अमेय त्यासाठी पुण्याहून निघाला होता, पण मुंबईच्या विमानतळावर त्याला कळलं की आपल्या पासपोर्टची मुदत पाचच महिने उरली आहे आणि सहा लागतात. बाळासाठी घेतलेल्या चांदीच्या वाटीसकट तो घरी परतला होता. यावर मधुसाहेबांनी इंजिनियरचा तोडगा काढला होता. इथे व्हॉट्सॲपवर कॉल लागत नाही, म्हणून त्यांनी ऑफिसच्या मीटिंगचं ॲप टॅबवर लावलं, टॅबवर अमेय आणला, टॅब स्वतःच्या मांडीवर आडवा ठेवला आणि त्यावर अनयला बसवलं. "झालं की नाही मामाच्या मांडीवर?" ते म्हणाले. खालून अमेयचा दबका आवाज आला, "मला काही दिसत नाहीये, भाऊजी."

"दिसण्यासारखं काही नाहीच आहे तिथे," आजी म्हणाल्या.

मी मान खाली घालून कात्री काढली. हसू आवरताना जीव निघत होता. दोन-चार बटा कापल्या आणि त्या आजींच्या हातातल्या कणकेच्या गोळ्यावर ठेवल्या. मग डोकं ओलं करून वस्तऱ्यात पातं घातलं. आणि माझ्यासमोर, माझ्या नाकापासून हातभर अंतरावर, माझ्या टीपेची चर्चा सुरू झाली.

"किती द्यायचे याला?" मधुसाहेब मराठीत म्हणाले.

"शेजारच्या गार्गीच्या जावळाला त्यांनी शंभर दिले म्हणे," उल्का म्हणाली.

"शंभर कमी वाटतात गं. पहिलं जावळ आहे. दोनशे देऊ."

"दोनशे? तुम्ही सगळ्या कंपाउंडचा रेट बिघडवणार. मग तो साधे केस कापायलासुद्धा तोंड वर करेल."

"हळू बोला," आजी म्हणाल्या. "त्याच्या हातात वस्तरा आहे."

"त्याला काय कळतंय, आई? उत्तरेकडचा आहे तो."

मी अनयच्या डोक्यावर पाणी लावत होतो आणि माझे कान भट्टीसारखे तापले होते. दोनशे म्हणा, मनात म्हणत होतो, बाई, दोनशे म्हणा, तुमच्या रेटला मी हात लावणार नाही. तोंडाने मात्र म्हणालो, "बच्चा बड़ा प्यारा है, मैडम." असं म्हटलं की पन्नासेक वाढतात, हा अनुभव आहे.

"बघ, माणूस चांगला आहे," मधुसाहेब म्हणाले. "दोनशे."

"बरं, दोनशे," उल्का म्हणाली. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मला सीट दिसली, खिडकीजवळची. तेवढ्यात आजी म्हणाल्या, "नुसते दोनशे कसे देता? शुभकार्य आहे. दोनशे एक द्या."

आणि त्या एक रियालने सगळा घोटाळा केला. एका रियालची नोट घरात सापडेना. उल्काने पर्स उलटी केली, आजींनी देवासमोरची वाटी बघितली. मधुसाहेबांना आठवलं की आपल्या पँटच्या मागच्या खिशात असेल, म्हणून त्यांनी बाळाच्या डोक्यावरचा हात काढून खिशात घातला. माझा वस्तरा तेव्हा अनयच्या कपाळाच्या वर, टाळूच्या अलीकडे होता. आणि नेमका त्याच वेळी, मघाशी मधेच कट झालेला कॉल अमेयने परत लावला. बाळाच्या बुडाखाली टॅब थरथरत वाजायला लागला.

अनय उसळला.

वस्तरा मी मागे घेतला, तो हाताने घेतला की देवाने, मला माहीत नाही. पण तोंड हाताइतकं शहाणं नसतं. मी गर्जलो, "ओ, डोका धरा पोराचा, डोका! खिशात काय सोना पुरलाय का तुमच्या?"

टॅब वाजायचा थांबला. आजींच्या हातातला कणकेचा गोळा तसाच राहिला. अनय तेवढा माझ्याकडे बघून हसला.

"हा मराठीत बोलला," आजी म्हणाल्या.

उल्काचा चेहरा कुंकवासारखा झाला. "म्हणजे मगाशी आम्ही जे... तुम्हाला सगळं..."

"रेटबद्दल काही ऐकलं नाही मी," मी म्हणालो. आता हे मराठीत म्हणायची काय गरज होती!

"गाव कुठलं तुमचं?"

खोटं बोलायला हरकत नव्हती. मराठवाड्यातलं कुठलंही नाव घेता आलं असतं. पण बाई "रेट बिघडवणार" म्हणाली, तेव्हाच तिचे हेल मला ओळखीचे वाटले होते, आणि पाच वर्षं मला कुणी गाव विचारलं नव्हतं. "म्हसळा," मी म्हणालो.

"अगंबाई! मी शेजारच्या माणगावची!" उल्का ओरडली. "आई, हा माझ्या माहेरचा माणूस आहे!"

आजींनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन वाजून गेले होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेतच मला कळलं की माझं विमान गेलं. "माहेरचा माणूस म्हणजे भाऊच," आजी म्हणाल्या. "बस रे बाळा इथे पाटावर. घे भाच्याला मांडीवर. त्या टॅबला आत ठेव, मधु."

"आजी, मी मुसलमान आहे," मी म्हणालो. अगदी शेवटचा उपाय म्हणून.

"असशील. तुझ्या मांडीला काय झालंय? बस."

मी बसलो. मामाही मीच, न्हावीही मीच. अनयला मांडीवर घेतलं आणि डाव्या हाताने त्याची हनुवटी धरली. अकरा महिन्यांचं पोर मांडीवर किती भरतं, ते मला माहीतच नव्हतं. फोनवर पोरीचं वजन कळत नाही. त्याच्या टाळूला तेलाचा वास होता. मला एकदम रडू आलं, आणि वस्तरा हातात असताना रडता येत नाही म्हणून मी नाक ओढत, हळूहळू, आयुष्यात काढलं नसेल इतकं सुरेख डोकं काढलं. एक ओरखडा नाही. अनय तर अर्ध्यात झोपलासुद्धा.

"तुम्हाला मुलं?" उल्काने हळूच विचारलं.

"मुलगी. आठ महिन्यांची," मी म्हणालो. "अजून बघितली नाही. तिचे केस मी काढणार म्हणून तसेच ठेवलेत."

मग आजी म्हणाल्या, "मामाने बाळाच्या हातात काहीतरी द्यायचं असतं रे. एक रियाल दिलास तरी पुरे."

एक रियाल! मला मामा केलं आणि एक रियाल? तो एक रियाल ज्यांना अर्धा तास सापडत नव्हता, त्यांच्यासमोर मी एक रियाल काढू? माझ्या खिशात पन्नासची नोट होती, महिनाअखेरपर्यंतची. ती मी अनयच्या मुठीत दिली. मी टीप घ्यायला आलो होतो आणि टीप देऊन बसलो, हे माझ्या ध्यानात यायला दोन मिनिटं लागली.

मग माझा मान झाला. कपाळाला टिळा लावू का, असं आजींनी विचारलं, मी म्हटलं लावा. टोपी-टॉवेल आला, नारळ आला, बेसनाच्या लाडवांचा डबा आला. डबा परत करायचा आहे, असं उल्काने दोनदा सांगितलं. आणि मग मी ते पाकीट पाहिलं. पांढरं, वर कुंकवाचं बोट उमटलेलं. उल्काने ते टेबलावरून उचललं, माझ्याकडे दोन पावलं आली आणि थबकली.

"आई, आता हे कसं द्यायचं?"

"छे, छे! भावाला का कुणी पाकीट देतं? वाईट वाटेल त्याला."

वाटू द्या हो! मी मनात किंचाळत होतो. खूप वाईट वाटू द्या, दोनशे एक रियालचं वाईट वाटू द्या! आणि माझं तोंड, माझं हे नालायक तोंड, आपणहून म्हणालं, "पैसे कसले, ताई? घरचंच काम आहे." उल्काचे डोळे भरून आले. पाकीट खणात गेलं.

दाराबाहेर चपला घालत होतो तेवढ्यात नसरुद्दीनचा फोन आला. त्याचा आवाज असा की फोन नसता तरी सलूनपासून ऐकू आला असता. "अरे अबू, पावणेपाच झाले! दोनशे आणतोस का सोडू सीट?"

"सोड," मी म्हणालो.

"आणि पोरीचे केस?"

"रुकैयाकडे कातर आहे. सोड म्हटलं ना!"

फोन ठेवला, नारळ काखेत मारला आणि निघालो. उन्हाने रस्ता नुसता चकाकत होता. माझा सगळा राग माझ्यावरच होता. एका गर्जनेने पाच वर्षांची लखनौ घालवली होती, आणि वर दिवाळीला भाऊबीज लागणार होती ती वेगळीच. कंपाउंडच्या फाटकापाशी पोचलो तेव्हा मागून चपलांचा फटफट आवाज आला.

मधुसाहेब धावत आले होते. धाप लागलेली, पायात उल्काच्या सपाता. माझ्यासमोर उभे राहिले, घराकडे एकदा वळून पाहिलं, घसा साफ केला आणि मला म्हणाले, "भाईसाब, सुनिए."

मला आधी कळेना. आत्ता तर हा माणूस माझ्याशी मराठीत बोलत होता.

"आप वो सलून से आए थे ना?" मधुसाहेब माझ्या खांद्याच्या पलीकडे बघत म्हणाले. त्यांची हिंदी भयंकर होती. "बच्चे का बाल बहुत अच्छा किया आपने. ये आपका टीप. जल्दी में देना रह गया."

कुंकवाचं बोट उमटलेलं पाकीट त्यांनी पुढे केलं. तोंड उघडंच होतं. आत दोनशेची नवी कोरी नोट होती आणि एक रियाल होता. कुठून शोधला देव जाणे.

मी त्यांच्याकडे पाहिलं. नाशिकचा एवढा मोठा इंजिनियर, डोळ्यांत पाणी, आणि तरी हिंदी सोडायला तयार नाही. मग मीही ताठ उभा राहिलो. काखेतला नारळ सावरला, कपाळावरच्या टिळ्यासकट अस्सल लखनवी सलाम ठोकला आणि दोन्ही हातांनी पाकीट घेतलं. "बहुत शुक्रिया, जनाब."

"दौड़िए, पाँच बजने वाले हैं," ते म्हणाले. मी चार पावलं पळालो असेन, तेवढ्यात पुन्हा हाक आली.

"और भाईसाब, एक बात. ये बच्चे के म्हसळावाले मामा को मत बताना. वो बुरा मान जाएगा."

"नहीं बताऊँगा, साब," मी म्हणालो, आणि नसरुद्दीनच्या दुकानाकडे धूम ठोकली.